सुपातला उजेड

उदगीरच्या मोंढ्यात धान्याची आडत चालवणारे आमचे शेजारी शिवप्पा बोलताना तुमच्या डोळ्यांत बघत नाहीत. तुमच्या नाकाची सावली कुठल्या गालावर पडलीय ते बघतात. ती मनासारखी नसली तर हनुवटी धरून तुमचं तोंड खिडकीकडे वळवतात आणि म्हणतात, "हां, आता बोला." एकदा छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेले, तेव्हा डॉक्टरांचंही तोंड त्यांनी असंच वळवलं होतं.

साठीला त्यांना फोटोचा नाद लागला. कॅमेरा आणला, सुटा फ्लॅश आणला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून आठवड्यातच निकाल देऊन टाकला, की फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवणारा माणूस अडाणी.

"गुरुजी, तूर पारखताना काय करतो आपण? मूठभर घेऊन दारात येतो, तिरप्या उजेडात धरतो. तवा किडका दाणा कळतो. माणसाचं बी तसंच हाय. समोरून उजेड मारला की कपाळावरच्या भस्माच्या तीन रेघांचा एकच पांढरा पट्टा होतो. बाजूनं मारा, तिन्ही येगळ्या दिसत्यात."

मी मान डोलावली, आणि तिथंच चुकलो. फ्लॅश बाजूनं मारायचा तर तो बाजूला कुणीतरी धरावा लागतो. मी पडलो निवृत्त मास्तर, भिंतीला भिंत लागून राहणारा, वर उंच.

झोत मऊ करायला बाजारात छत्र्या मिळतात म्हणे. शिवप्पांनी घरातलं सूप उचललं, आतून चकचकीत कागद चिकटवला आणि फ्लॅश सुतळीनं काठाला असा बांधला की उजेड आधी सुपात पडावा आणि मग माणसावर. "छत्री वाऱ्यानं उडती," ते म्हणाले. "सुपाला वाऱ्याची सवय हाय."

गल्लीतल्या एका साखरपुड्यात मी ते सूप आडवं धरून नवरीच्या डावीकडे उभा होतो. एका आजीबाईंना वाटलं, वाण आलं. त्यांनी सुपाला हळदकुंकू लावलं आणि आत नारळ ठेवला. त्यांचं बघून बाकीच्या बायका उठल्या. बघता बघता सुपात चार नारळ, दोन खण आणि शेरभर तांदूळ जमले. एवढ्यात शिवप्पांचा हुकूम आला, "सूप तिरपं करा." मी नारळ पोटाशी कवटाळून सूप तिरपं केलं. तांदूळ माझ्या चपलांवर सांडले. कॅमेऱ्यातून डोळा न काढता ते म्हणाले, "हलू नका गुरुजी. नारळाची सावली लई झकास पडून राहिली. अजून एक."

हे "अजून एक" काही सुटत नाही. कितीही चांगला फोटो येवो, ते बोटांनी मोठा करून फक्त डोळे बघतात, उघडे आहेत की मिटले, आणि म्हणतात, "अजून एक."

गल्लीत सगळ्यांचे फोटो झाले. राहिल्या फक्त शिवप्पांच्या पत्नी, आमच्या अक्का. कॅमेरा दिसला की त्या तोंडावर पदर घेऊन आत जात. मी एकदा सहज कारण विचारलं. शिवप्पांनी दुकानातल्या कपाटातून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढला. समोरून मारलेला फ्लॅश, पिठात बुडवून काढल्यासारखे दोन चेहरे, आणि नवरीचे डोळे गच्च मिटलेले.

"पाव्हण्यांनी 'झोपाळू नवरी' नाव पाडलं. बारशाला जावा, जत्रेला जावा, तेच. तवापासून ती फोटोला उभी राहिली न्हाई." फोटो परत ठेवताना त्यांचा आवाज खाली गेला. "मी बी हसलो होतो, गुरुजी. तिच्यासमोर."

गल्लीभर हा माणूस कशाची तालीम करत होता, ते मला तेव्हा कळलं. मागे मी त्यांची टिंगल करायचो, त्याची लाजही वाटली. "हे अक्कांना सांगा," मी म्हणालो.

"पस्तीस वर्सांनी? काय म्हनंल ती?"

"काय म्हणायचं ते म्हणतील. सांगा तुम्ही."

चार दिवसांनी सकाळी अक्कांनीच परसातल्या कुंपणावरून हाक मारली. "गुरुजी, सूप घेऊन या." ते सूप आता माझ्याकडेच असायचं; मला वाटलं, पाखडायला परत हवं असेल. जाऊन बघतो तर अक्का ओसरीवर बसलेल्या, अंगावर इरकली लुगडं, कपाळावर ताजं भस्म.

"काल म्हणाले, हसलो ते चुकलं," त्या मला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे न बघता, "समोरून मारायचा न्हाई, सांगून ठेवते."

शिवप्पांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मी डावीकडे सूप धरलं. उजेड पडला. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला आणि बघत राहिले. मी वाकून पाहिलं. भस्माच्या तिन्ही रेघा वेगळ्या होत्या आणि दोन्ही डोळे टक्क उघडे. शिवप्पांनी कॅमेरा खाली घेतला आणि भिंगावर झाकण लावलं.

अक्कांनी ते पाहिलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "का हो? सगळ्या गल्लीला अजून एक, अन् मला एकच?"

मी सूप पुन्हा वर धरलं.