सिस्टरांचा पहिला प्रश्न

शिरूरमध्ये माणसं भेटली की 'जेवलात का' असं विचारतात. आमच्या चाळीतल्या सिस्टर साळवे 'लघवी साफ होते ना?' असं विचारायच्या. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे प्रश्न सगळ्या चाळीला ऐकू जायचा आणि उत्तरही तेवढ्याच मोठ्यानं द्यावं लागायचं. नव्वदच्या दशकात मी तिथं राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच सकाळी हातात दुधाची पिशवी घेऊन मी "हो, साफ!" असं ओरडून सांगितलं. नव्या गावात मास्तरानं आपली ओळख जरा वेगळ्या रीतीनं करून द्यायची असते.

सिस्टर मिशनच्या एका दवाखान्यात नर्स होत्या. लग्न केलं नव्हतं. रिटायर झाल्यावर अंगावरचा पांढरा गणवेश सुटला, ड्यूटी काही सुटली नाही. आमच्याकडे जळजळ झाली की 'उन्हाळी लागली' म्हणायचं, सब्जाचं पाणी प्यायचं आणि उन्हाला दोष देऊन झोपायचं, अशी रीत. सिस्टर त्यावर उखडायच्या.

"उन्हाला काय पडलंय तुमच्या लघवीचं? जंतू हायेत ते. सारखं जावंसं वाटतंय, गेलं की थेंबभर होतंय, जळतंय, गढूळ दिसतंय, वास मारतोय, ओटीपोट दुखतंय? जा, तपासून घ्या. आन् थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखाय लागलं, म्हंजी काम किडनीपर्यंत गेलं. तवा माझ्याशी गप्पा मारत थांबू नका!"

हे आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं, की चाळीतली पोरं ते पाढ्यासारखं म्हणायची. गणिताचे पाढे त्यांना तेवढे येत नव्हते, हे मी अनुभवानं सांगतो.

शिक्रापूरकडच्या कंपन्यांत जाणाऱ्या पोरी शेजारच्या खोल्यांत भाड्यानं राहायच्या. सिस्टर त्यांना नळावर गाठायच्या.

"पाणी का पीत न्हाई गं?"

"प्यालं की जावं लागतंय सिस्टर, आन् गेलं की सुपरवायझर घड्याळाकडं बघतो."

"त्याला म्हणावं, सिस्टर येणार हायेत. तुझीबी चौकशी करतील."

घरमालकाच्या मुलीचं लग्न वरवंडला होतं. नवरीला सकाळपासून कुणी पाणी दिलं नव्हतं. शालू नेसल्यावर उठबस नको, अशी बायकांची पद्धत. अंतरपाट धरलेला, अक्षता वाटून झालेल्या, भटजींनी घसाही साफ केलेला. तेवढ्यात मांडवातून सिस्टरांचा आवाज आला, "नवरी लघवीला जाऊन आली का?"

नवरीनं मान हलवली. आडवी.

मंगलाष्टकं खोळंबली. भटजींनी पंचांग उघडलं, पण त्यात या कामासाठी मुहूर्त दिलेला नव्हता. नवरदेवाच्या मामांनी विचारलं, "अवो, ह्या कोण?"

"भाडेकरू," घरमालक थकून म्हणाले.

मग एका हिवाळ्यात सिस्टर विचारेनाशा झाल्या. मी रोज सकाळी दौंडच्या शाळेत जायला एसटी पकडायचो आणि संध्याकाळी खडूनं भरलेला परत यायचो. मला कुणी काही विचारलं नाही की सुखच वाटायचं. दोनेक दिवस वाटलंही. मग सकाळ चुकल्यासारखी वाटू लागली.

एका रविवारी त्या ओट्यावर उन्हात बसल्या होत्या. अंगाभोवती चादर, एक हात कुशीवर, दातावर दात वाजत होते.

"थंडी लई हाय यंदा," त्या म्हणाल्या.

त्या वर्षी थंडी फारशी नव्हती. मी म्हणालो, "सिस्टर, लघवी साफ होते का?"

"आं?"

मी ओरडून विचारलं. नळावरच्या पोरी हंडे तसेच ठेवून वळल्या. माझी बायको दारात आली.

सिस्टर मांडीकडे बघत, डॉक्टरांना रिपोर्ट द्यावा तशा बोलल्या, "पेशंटला आठवडाभर जळजळ हाय. कालपास्नं थंडीताप. उजव्या कुशीत दुखतंय."

"मग पेशंट दवाखान्यात का गेला नाही?"

"तिथं पयलं विचारतात, पेशंटबरोबर कोण हाय. जल्मभर मीच विचारलंय, सर. 'कुणी न्हाई' म्हटलं की समोरची कशी बघती, मला म्हाईत हाय. मीबी तशीच बघायची."

बायको रिक्षा बोलवायला गेली. वाटेत सिस्टर तिच्या खांद्याला टेकून बसल्या. मी समोर ड्रायव्हरशेजारी, अर्धा बाहेर.

दवाखान्याच्या खिडकीतल्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "पेशंटबरोबर कोण?"

"मी," मी म्हणालो.

"नातं?"

मी मागं बाकावर बसलेल्या सिस्टरांकडे वळून पाहिलं. सिस्टरांना एवढ्या गलक्यात काही ऐकू गेलं असेल असं वाटलं नव्हतं. पण हा प्रश्न त्यांना मुलीच्या नुसत्या चेहऱ्यावरून कळला असणार.

"भाचा हाय," त्या बाकावरून म्हणाल्या. सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलं. "तसं लिहा. आन् त्याला आदी पाणी द्या. सकाळपास्नं घोटभर प्यालेला न्हाई."