पाय घसरला

"कुणी विचारलं तर म्हणायचं, तनया स्कॉटलंडला शिकवते," डॉ. शशिधर टिपणिसांनी बायकोला बजावलं. "काय शिकवते, ते बोलायचं नाही."

"पण म्हणजे खोटंच ना?" वीणाताई म्हणाल्या.

"खोटं कुठाय? शिकवतेच ना ती?"

मँचेस्टरच्या मराठी मंडळात डॉक्टरांना आदर्श पालक म्हणत. म्हणजे आधी ते स्वतःच म्हणाले, मग बाकीच्यांनी कंटाळून मान्य केलं. यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात 'परदेशात मुलं कशी घडवावीत' या विषयावर त्यांचं व्याख्यान होतं. विषय त्यांनीच सुचवला होता आणि वक्ताही. नेमकं त्याच हिवाळ्यात त्यांच्या घडवलेल्या मुलीनं इंजिनिअरची नोकरी सोडली आणि ती डोंगरात लहान मुलांना स्कीइंग शिकवायला गेली. बर्फावरून घसरायचं कसं हे शिकवणारी मुलगी आदर्श पालकांच्या हिशेबात बसत नव्हती.

"कुठल्या युनिव्हर्सिटीत?" लोक विचारायचे.

"अगदी वरच्या लेव्हलला," डॉक्टर म्हणायचे. डोंगर उंच होता, त्यामुळे हेही खोटं नव्हतं.

जानेवारीत तनया पडली. बर्फावर पडली असती तर निदान शोभलं असतं. ती पडली कॅफेच्या पायऱ्यांवर, हातात हॉट चॉकलेट घेऊन. गुडघा दुखावला. डॉक्टर स्वतः हाडांचे सर्जन. जन्मभर लोकांचे गुडघे दुरुस्त केले, पण घरचा गुडघा आला तेव्हा त्यांना पहिली काळजी पडली ती नाकाची. तनया घरी येताच त्यांनी तिला सोफ्यावर झोपवलं, पायावर जाड रजई घातली आणि कुबड्या सोफ्यामागे लपवल्या. कुबड्या दिसल्या की लोक विचारणार, कुठे पडली. इतकी अक्कल चालवणाऱ्या माणसाला बायकोच्या फोनचं मात्र सुचलं नाही.

वीणाताईंनी मंडळाच्या सांस्कृतिक सचिव नीना यांना फोन केला.

"अगं नीना, गुळाच्या पोळ्यांचं मला नाही जमणार. तनयाला घरी आणलंय. पाय घसरला गं तिचा."

मराठीत मुलीचा पाय घसरायला बर्फ लागत नाही. नीनानं फोन कानाला घट्ट लावला.

"काय सांगतेस! आणि नोकरी?"

"आता कसली नोकरी? काही महिने घरीच."

"बरोबर... कोणी होतं का?"

"होता ना, कॅलम म्हणून एक. चांगला आहे गं. हिला इथे सोडलं आणि लगेच गेला परत."

"सोडून गेला?"

"मग काय करणार? सीझन चालू आहे त्याचा."

सीझन असलेला पुरुष नीनानं पहिल्यांदाच ऐकला. "पण झालं कसं हे?"

"ते नको विचारू बाई. ह्यांनी सांगितलंय, बोलायचं नाही. तू पोटात ठेव हं."

नीनानं पोटात ठेवायचा प्रयत्न केला असेलही. पण संध्याकाळपर्यंत ट्रामच्या दोन्ही टोकांना जितके मराठी लोक राहतात, तितक्यांना बातमी कळली होती.

दुसऱ्या दिवशी नीना लिंबाच्या लोणच्याची बरणी घेऊन हजर. चेहरा असा, की घरात कुणी गेलंय.

"तनू, आंबट काही खावंसं वाटतं का गं?"

"हो मावशी! क्रिस्प्स. सॉल्ट अँड व्हिनेगर. मम्मी देत नाही."

नीनानं डोळे टिपले. "स्कॅन झाला?"

"काल. सगळं नीट दिसतो. फक्त वजन नाही उचलायचा आणि जिना नाही चढायचा."

"आणि तो कॅलम? येणार आहे का बघायला?"

"कसा येणार? त्याच्याकडे चौदा मुलं आहेत."

"चौदा?"

"सगळे अंडर सिक्स. हाफ टर्म हॉलिडेला अजून होतात. आय फील सो बॅड, मी हेल्प करायची ना त्याला."

नीना चहा न घेता उठली. मँचेस्टरमध्ये आल्यापासून तिनं फुकटचा चहा पहिल्यांदाच सोडला.

त्या रात्री नीनाचे यजमान आणि मंडळाचे अध्यक्ष रघुवीर यांचा डॉक्टरांना फोन आला.

"डॉक्टर, तुमचं व्याख्यान जरा पुढे ढकलू या. अशा वेळी तुम्ही घरात हवे."

डॉक्टरांनी ओळखलं. स्कीइंग फुटलं! "म्हणजे तुम्हाला कळलंय तर."

"कळलं. होतं असं. हल्लीची मुलं."

"मी परोपरीनं सांगितलं होतं हो तिला. पण नाही! वर म्हणते, बरी झाले की पुढच्या हिवाळ्यात पुन्हा."

"पुन्हा?" अध्यक्ष ओरडलेच.

"म्हणते, मजा येते."

रघुवीर यांनी फोन ठेवला.

डॉक्टर तरीही संक्रांतीला वीणाताईंना घेऊन हॉलमध्ये गेले. न जावं तर लोक बोलणार, आणि लोक काय बोलतील यापलीकडे त्या माणसानं आयुष्यात दुसरा विचार केला नव्हता. रघुवीर यांनी त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि खांद्यावर हात. "काळजी करू नका. बाप असो वा नसो, बाळाला मंडळ अंतर देणार नाही."

"कुठलं बाळ?"

वीणाताईंना आपलं फोनवरचं वाक्य आठवलं आणि त्या खुर्चीत बसल्या. डॉक्टरांच्याही डोक्यात हळूहळू उजेड पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे दोन्ही मुठींत संकटच होतं. सांगायला लाज वाटते, पण कुठली उघडायची याचा त्यांनी क्षणभर खरंच विचार केला. मग माईक ओढला.

"माझ्या मुलीचा गुडघा दुखावलाय! बाळबीळ काही नाही! ती... ती स्की इन्स्ट्रक्टर आहे!"

आता कौतुक होईल, निदान सगळे हसतील, असं त्यांना वाटलं. कुणीही हसलं नाही.

"म्हणजे बर्फावर?" रघुवीर यांनी विचारलं. "पोरांना घसरायला शिकवते?"

"हो."

"एवढं इंजिनिअरिंग करून?"

"हो."

नीना वीणाताईंशेजारी येऊन बसली. त्यांचा हात हातात घेतला. या वेळी तिच्या डोळ्यांत खरं पाणी होतं.

"अगं वीणा," ती म्हणाली, "ते निदान नऊ महिन्यांत निस्तरलं असतं गं."

आसपासच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. व्याख्यान तोवर नुसतं पुढे ढकललेलं होतं. त्या संध्याकाळी ते रद्द झालं.