गुडघ्याइतकं गवत

पक्ष

एकनाथ सावे मास्तरांच्या कोसबाडच्या चिकूवाडीत गवत कमरेइतकं वाढलं होतं आणि ते कापायच्या यंत्राची दोन पत्रकं मास्तरांच्या गादीखाली दडवलेली होती.

गादीखाली अशासाठी, की रूपीबाय घरात कधीही यायची. तिला वाचता येत नव्हतं, पण पत्रकावर चित्र होतं. लाल ट्रॅक्टर, मागे लोखंडी पेटारा, आणि पेटाऱ्यामागे सपाट झालेलं गवत. चित्राला काय वाचायचं?

मास्तरांनी गेल्याच वर्षी छोटा ट्रॅक्टर घेतला होता. चिकूच्या फांद्या जमिनीला टेकायला आलेल्या असतात, मोठा ट्रॅक्टर खाली शिरत नाही. आता त्याच्या मागे जोडायला गरगर फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र हवं होतं. तलासरीचा दुकानदार हितेश त्याला स्लॅशर म्हणायचा. ते घ्यायचं, यावर घरात एकमत होतं. पाच फुटी की चार फुटी, यावर नव्हतं. रूपीबायला कोण सांगणार, हा विषय तर कोणी काढतच नव्हतं.

मास्तर चड्डीत होते तेव्हापासून रूपीबाय आणि तिच्या पाड्यावरच्या सहा बाया या वाडीतलं गवत विळ्यानं कापत आल्या होत्या. चिकूही त्याच उतरवायच्या. विळा हातातून काढून घेतला म्हणून रूपीबाय रुसली, तर पाडा रुसणार. पाडा रुसला, तर चिकू झाडावर पिकणार, खाली पडणार आणि वटवाघळांच्या पंगती उठणार. त्यातून लहानपणी तापानं फणफणलेल्या एकनाथला कडेवर घेऊन डहाणूच्या डॉक्टरकडे चालत नेणारीही रूपीबायच होती.

साध्य

रूपीबायला न कळता स्लॅशर निवडणे.

"अहो, आणल्यावर कळणारच ना तिला?" अहिल्याबाई म्हणाल्या.

"आणल्यावर कळलं तर झालं ते झालं. आधी कळलं तर तिला विचार करायला वेळ मिळतो."

"दहावीला भूमिती शिकवता तुम्ही. आणि एका म्हातारीला दोन वाक्यं सांगता येत नाहीत?"

"त्रिकोण रडत नाही, अहिल्या."

रचना

हितेश मोटारसायकलवरून आला, वाडी फिरला आणि त्यानं मान हलवली.

"मास्तरसाहेब, दोन्ही मशीन पुढच्या रविवारी घेऊन येतो. चालवून बघा, मग बोला. ट्राय केल्याशिवाय मी विकतच नाय ने. पण पहिला दगड काढून घ्या. पात्याला दगड लागला ने, तर समोरच्याचा पाय गेला समजा."

"दगड कोण काढणार?"

"तुमच्या बाया छे ने!"

मास्तरांनी घाम पुसला. बायांना काय सांगायचं? दगड उचलायला कारण लागतं. इतकी वर्षं दगड तिथेच होते आणि कोणाचं काही बिघडलं नव्हतं.

"रूपीबाय," ते दुसऱ्या दिवशी वर न बघता म्हणाले, "शाळेची सहल आणतोय वाडीत. मुलं ठेचकाळतील. दगड काढायला हवेत."

"सगळे?"

"सगळे."

रूपीबायनं त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग "बरं" म्हणाली. सात बायांनी चार दिवस दगड वेचले आणि बांधावर त्यांचा ढीग घातला.

रचना (दुरुस्त)

मास्तरांनी शाळेतून हितेशला फोन लावला. दगड निघाल्याचं ऐकून तो खूश झाला. "गवत पण थोडं कमी केलं ने?"

"नाही. अजून कमरेइतकंच आहे."

"अरे बाप! अठरा हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे साहेब, हत्ती नाय. गवत अडकून मशीन बंद पडणार, मग तुम्ही म्हणाल हितेशनं खराब माल दिला. गुडघ्यापर्यंत कापून घ्या. खालचं आपण मशीननं मारू."

मास्तरांनी फोन ठेवला आणि शेजारच्या शिपायाकडे पाणी मागितलं.

"गुडघ्यापरेंत?" संध्याकाळी वाडीत रूपीबाय म्हणाली. "आणि खालचं?"

"ठेवायचं."

"कवापरेंत?"

"मुलांना... उंची मोजायला. गवताची. गणितात आहे."

मागे जिजा नावाची बाय पदर तोंडाला लावून खोकली. रखमीलाही खोकला आला. मग सातही जणींना एकदमच खोकल्याची साथ आली.

"कुणाचा गुडघा धरायचा, मास्तर?" जिजानं विचारलं. "माझा की रखमीचा? रखमी उंच हाय."

"कुणाचाही धरा!" मास्तर ओरडले, आणि ओरडल्याबद्दल त्यांनी सगळ्यांना चहा दिला.

गुडघ्याइतकं गवत कापणं म्हणजे विळा हवेत धरून कापणं. जमिनीलगत कापायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ लागला.

रचना (पुन्हा दुरुस्त)

फांद्या. हितेशला फांद्या आठवल्या शुक्रवारी.

"ट्रॅक्टरवर बसणाऱ्याच्या डोळ्यात जाणार ने. वर बांधून घ्या."

रूपीबायनं काथ्याचे तुकडे कमरेला खोचले. ती आता कारणही विचारत नव्हती, आणि हेच मास्तरांना फार लागलं. विचारणारा माणूस अजून आपला असतो. न विचारणाऱ्यानं मनात काहीतरी ठरवलेलं असतं. संध्याकाळी बाया ओळीनं पाड्याकडे निघाल्या तेव्हा सगळ्यांत मागे चालणारी रूपीबाय दोनदा थांबली. दोनदा तिनं मागे वळून पाहिलं आणि मग ती गेली.

"तिला कळलंय," मास्तर घरी येऊन म्हणाले.

"मग बरं झालं. सांगायचं वाचलं."

"ती जाणार, अहिल्या. बघ तू. मागे वळून कशी बघत होती! निरोप घेताना माणूस तसं बघतं."

अहिल्याबाईंनी त्यांच्यासमोर लिंबू-सोडा ठेवला. त्या आठवड्यातला तो नववा होता.

सिद्धता

रविवारी बायांना सुट्टी दिली होती. साडेआठला हितेशचा टेंपो आला. दोन्ही यंत्रं उतरली. एक पाच फुटी, झळझळीत. दगड लागला की आपोआप घसरून गिअर वाचवणारा क्लच असलेलं. दुसरं चार फुटी, साधं. दगड लागला की त्यातला एक बोल्ट तुटायचा, आणि नवा घालून पुढे जायचं.

"मोठाच घ्या साहेब," हितेश म्हणाला. "कुठे थांबायचं नाय, काय नाय."

मास्तर उत्तर देणार, तेवढ्यात बांधावर सात डोकी दिसली.

मास्तरांनी धावत जाऊन टेंपोतली ताडपत्री ओढली आणि दोन्ही यंत्रांवर टाकली. ती पुरली नाही. उघड्या राहिलेल्या कोपऱ्यावर मास्तर स्वतः बसले.

"आज सुट्टी ना, रूपीबाय?"

"हाय ना सुट्टी. सहल बघाया आलू." तिनं चहूकडे पाहिलं. "पोरां कंय हायेत?"

"येतायत. मागून."

"आणि ह्यो काय?"

"पाण्याची... टाकी. मुलांना प्यायला."

रूपीबाय पुढे आली. मास्तरांचा दंड धरून तिनं त्यांना उठवलं, जसं तापातल्या मुलाला उठवतात तसं, आणि ताडपत्री काढली.

ती वाकली. पाच फुटी यंत्राच्या खाली डोकावली, पात्याला बोट लावलं. मग चार फुटीपाशी गेली, मागच्या साखळ्या हातानं वाजवून पाहिल्या.

"ह्यो घे," ती चार फुटीवर थाप मारून म्हणाली. "त्यो नको. बोर्डीला शेटकडं त्योच हाय. वळताना बुंध्याची साल काढतो. दोन झाडां वाळली त्याची."

मास्तरांना आधी यंत्राचं कळलं नाही, बोर्डीचं कळलं नाही, कशाचंच कळलं नाही.

"तुला... तुला माहीत आहे हे काय आहे?"

"दोन वरसां ह्याच्याच पुढं चालताव आमी. बोर्डी, घोलवड, आगर. दगड काढायचं, खुंटावर फडकी बांधायची, फांद्या धरायच्या. बुंध्याशी मशीन जाय नाय, थंय विळा मारायचा. पयले विळ्याला पंधरा दिस बोलवत, आता मशीनला महिना बोलवतात." ती हितेशकडे वळली. "ह्यो तर वळखीचा हाय. काय रं हितेस?"

हितेश जमिनीकडे बघत म्हणाला, "केम छो, रूपीबेन."

व्यत्यास

"मग बोलली का नाहीस?" मास्तरांचा आवाज चिरकला. "मी सहल काढली! गुडघा काढला! पंधरा दिवस माझ्या पोटात अन्न नाही!"

रूपीबाय बांधावर बसली. मागच्या सहाजणींचं हसू थांबलं.

"मीच तुला सांगणार होतू," ती म्हणाली. "अख्ख्या डहाणूत विळ्यावर तुझीच वाडी राहिली. जिजाची कंबर गेली, माझी कवाच गेली. पाड्यानं ठरवलं, ह्या वरसाला मास्तरकडं जायचं नाय. सांगायचं माझ्यावर टाकलं. रोज सांगाया यायची मी, तुझं तोंड बघायची आणि परत जायची. शुक्रवारी दोनदा थांबली. तुला लहानाचा मोठा बघितला, कसं बोलायचं?"

मास्तर तिच्याशेजारी बांधावर बसले.

"मग आता येशील ना?"

"मशीन हाय तर येऊ."

"साहेब," हितेशनं हळूच वही काढली, "मग चार फुटी लिहू ने? पण बोल्ट रोज तुटणार हां. दगड सगळे कधी निघत नाय. प्रत्येक वेळी थांबावं लागेल."

"थांबावं लागतं म्हणूनच त्यो," जिजा म्हणाली. "क्लचवाला थांबतच नाय बाबा. बोर्डीला आमाला बसूच देत नाय."

हितेशनं चार फुटी यंत्र मागे जोडून ट्रॅक्टर चालू केला. रूपीबाय पुढे झाली आणि तिनं हात वर केला. ट्रॅक्टर थांबला. तिनं एक दगड उचलून फेकला, हात खाली केला. ट्रॅक्टर निघाला. सहाजणी दोन्ही बाजूंना पांगल्या. आपल्याच वाडीच्या मधोमध मास्तर मोकळ्या हातांनी उभे राहिले.

"मी काय करू?" त्यांनी ओरडून विचारलं.

"तू शाळेत जा!"

"आज रविवार आहे!"

रूपीबायनं मागे न बघता पुन्हा हात वर केला. खाड्कन बोल्ट तुटला, ट्रॅक्टर थांबला, आणि सात बाया सावलीत जाऊन ओळीनं बसल्या.

"मंग चहा आण," ती म्हणाली.