दिवाकररावांनी चढवलेला काटा

"आमदारांची समिती ना? तासाभरात गुंडाळतो!" वीज निरीक्षक दिवाकर राऊतांनी आरशासमोर टाय आवळला.

"गुंडाळाच," चंद्रकांताबाई म्हणाल्या. "नाहीतर चांद्याला बदली. मी मोगऱ्याची वाडी सोडून येणार नाही, आधीच सांगते!"

भानगड अशी होती. वसईच्या वाड्यांना विजेचा दाब नीट मिळतो की नाही, यावर नजर ठेवणं हे दिवाकररावांच्या कचेरीचं काम. कचेरीने तो कधी मोजलाच नव्हता! ऑडिटवाल्यांनी ते पकडलं आणि शिफारस केली: रोज संध्याकाळी वाडीवर जाऊन मोजा. दिवाकररावांनी झोकात उत्तर धाडलं, 'मोजतो. दाब उत्तम.' आता विधानसभेची समिती ते 'उत्तम' डोळ्यांनी बघायला येणार होती.

खरं तर संध्याकाळी वाडीतले दिवे काजव्यांशी शर्यत लावायचे, आणि हरायचे. पण दिवाकरराव बेफिकीर! त्यांनी आधी वायरमन शंकरला गाठलं. "ट्रान्सफॉर्मरवरून दाब वाढेल तितका वाढव." मग शंकरला पत्ता न लागू देता बागायतदार वॉल्टरला गाठलं. समिती त्याच्याच पडवीत बसणार होती.

"वॉल्टर, चार जणांना सांग, तेवढा वेळ विहिरीवरच्या मोटारी बंद ठेवा."

"चारच कशाला, सायेब? रविवारी चर्चात मिस्सा सुटली की सगल्यांनाच सांगतो!"

गावाने मनावर घेतलं. मोटारी बंद, गिरणी बंद, एमिलीबायने तर इस्त्रीसुद्धा गार केली! सायबांची अब्रू म्हणजे गावाची अब्रू.

समिती आली. वाडीतल्या केळ्यांची वाळवलेली सुकेळी खाऊन झाल्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "दाखवा."

दिवाकररावांनी ऐटीत मीटर जोडला. काटा दोनशे तीसवर थांबायचा सोडून पुढेच निघाला, पंगतीकडे निघालेल्या वऱ्हाड्यासारखा! पंखा असा सुटला की दोन आमदारांच्या टोप्या अंगणातल्या अळूत जाऊन पडल्या. दिवा आधी पिवळा, मग पांढराफटक, मग फट्! काचा थेट अध्यक्षबाईंच्या चहात.

"हे उत्तम?"

"जरा... जास्तच उत्तम."

तेवढ्यात वॉल्टर छाती काढून पुढे आला. "मग काय, बाई! सायबांनी सांगितलं म्हनून अख्ख्या गावानं मोटारी बंद ठेवल्यात. कोनी एक बटन दाबलं नाय!"

दिवाकररावांना भर दुपारी चांदा स्टेशनची पाटी दिसू लागली.

"असं? मग आता चालू करायला सांगा."

वॉल्टरने अंगणातून हाळी दिली. चहूकडे मोटारी घुरघुरल्या आणि काटा जो खाली बसला तो उठेचना. पंख्याची पाती मोजता येऊ लागली. एकावर माशीही येऊन विसावली.

"आणि हे रोज मोजतं कोण?"

अंगात मुरलेला रुबाब असा जातो थोडाच! "मी! जातीने!"

अध्यक्षबाईंनी काचांसकट चहा बाजूला सारला. "छान. रोज मोजण्याची शिफारस अजून पुरी झालेली नाही. ती पुरी होईपर्यंत यांची बदली करू नये."

दिवाकरराव फाटकापासूनच ओरडत घरात शिरले. "थांबवली की नाही बदली? अख्खी समिती खिशात घातली!"

चंद्रकांताबाईंचा चेहरा खुलला. गजऱ्याचा दोरा तोडत त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई! आणि अहो, वॉल्टरचा निरोप आलाय. आजपासून रोज संध्याकाळी पडवीत तुमची खुर्ची मांडून ठेवतो म्हणाला. फक्त येताना कंदील आणायचाय. त्याशिवाय काटा दिसत नाही."