आमेनपर्यंत

"आज गटाला सांगूनच टाकते," नर्सताई नवऱ्याला म्हणाली. "पुढच्या आठवड्यापासून बैठक दुसऱ्या कुणाकडे तरी घ्या. ड्युटीवरून आल्यावर माझ्यात खुर्च्या मांडायचंही त्राण उरत नाही."

पण सांगायला फट सापडेना. आगमनकाळात, म्हणजे नाताळापर्यंत, वाचायला चर्चमधल्या या छोट्या गटाने मननाची पुस्तिका घेतली होती, आणि गट चालवणाऱ्या शाळेतल्या बाई ती प्रयोगाच्या कृतीसारखी पाळत. आजचा विषय होता 'वाट पाहणे'. शेवटी सूचना होती: सर्वांनी डोळे मिटून शांत बसावे, यजमान 'आमेन' म्हणेपर्यंत कुणीही उठून घरी जाऊ नये.

नर्सताईने डोळे मिटले आणि तिथेच घात झाला.

बऱ्याच वेळाने गटातल्या टेलरकाकांनी एक डोळा उघडला. "बाई, ताई झोपल्यात."

"श्श! मनन चाललंय."

"घोरतायत की हो."

"खोल मनन असेल."

"मग तुम्हीच म्हणून टाका आमेन."

"मी यजमान आहे का?"

"बरं, उठवू त्यांना?"

बाईंनी ताईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली. उठवायला पुस्तिकेची ना नव्हती, पण मन धजेना. इतक्यात काकांना खोकला आला. तोंडावर मफलर दाबून ते जिन्यात पळाले. त्यांच्या मागे दार करकरलं, ताई झोपेत दचकली. आत बसून तिची झोप मोडायला नको, आणि एकेकाने जाताना दार पुन्हा पुन्हा वाजायला नको म्हणून बाई उरलेल्यांना घेऊन एकदमच बाहेर गेल्या.

नर्सताई जागी झाली तेव्हा खोली रिकामी होती.

"अगं बाई! गेले सगळे?"

"बाहेर गेलेत," नवरा म्हणाला. "घरी नाही."

"म्हणजे?"

"तू आमेन कुठं म्हटलंस?"

तिने दार उघडलं. बाई पायरीवर डोळे मिटून बसल्या होत्या. काका कठड्याला टेकून पेंगत होते.

"आमेन," ती ओशाळून म्हणाली.

"आमेन!" सगळे एवढ्या जोरात म्हणाले, की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

"बाई, मला जरा सांगायचं होतं..."

"आधी माझं ऐका. पुढच्या आठवड्यापासून बैठक माझ्याकडे. तुमच्या जिन्यात फार गारठा आहे."

नर्सताईच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. "खरंच?"

"हो. शांत मनन मात्र तुम्हीच चालवायचं. इतका वेळ गप्प बसणं आमच्यात कुणाला जमत नाही."

"उशी मी आणतो," टेलरकाका म्हणाले. "दोन आणतो."