चामखिळीची बाजू

तुम्ही माझ्या बापाचा गाल बदललात, असा माझा तुमच्या खात्यावर सरळ आरोप आहे. आडवळणाने लिहायला मला कोणी शिकवलेलं नाही. खरं तर मला कोणी काहीच शिकवलेलं नाही. मी शिंपी आहे. जिथं उसवलंय तिथं बोट ठेवतो.

पन्नास वर्षांपूर्वी राष्ट्रनेते परदेशातून विमानाने परतले, विमानाच्या दारात उभं राहून त्यांनी हात उंचावला आणि आपला देश सुरू झाला. तो फोटो सगळ्यांना पाठ आहे. टपाल तिकिटावर आहे, शाळेच्या पुस्तकात आहे, न्हाव्याच्या दुकानात कंगव्याच्या जाहिरातीशेजारी आहे. त्यात खाली, विमानाला लावलेली चाकांची शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून एक माणूस उभा आहे. त्याच्या गालावर वाटाण्याएवढी चामखीळ आहे. फोटोखालच्या ओळीत नेत्यांचं नाव आहे, स्वागताला आलेल्या सात जणांची नावं आहेत, उशिरा पोहोचल्यामुळे फोटोत नसलेल्या एका मंत्र्याचंही नाव आहे. शेवटी लिहिलंय, 'व एक अज्ञात इसम'.

तो अज्ञात इसम आमच्या घरी असतो. पंच्याऐंशी वर्षांचा आहे आणि चहात साखर कमी पडली तर भांडतो.

"मरायच्या आधी त्या ओळीत माझं नाव बघायचंय," बाबा म्हणाले. "बाकी काही नको. त्या दिवशी मी शिडी धरली नसती तर देश तोंडावर आपटला असता."

फोटो छापणाऱ्या तुमच्या खात्यात मी रीतसर अर्ज केला. खिडकीवरच्या बाईंनी भिंगातून फोटो पाहिला, मग त्याच भिंगातून बाबांना पाहिलं.

"फोटोत चामखीळ डाव्या गालावर. यांची उजव्या. नामंजूर."

आई सोबत होती. "अहो बाई, साठ वर्षं त्या चामखिळीकडे बघत संसार केलाय मी. ती कुठं जाणार?"

"सरकली असेल," बाई म्हणाल्या. "सरकल्याचा दाखला आणा."

घरी येऊन मी तो फोटो आयुष्यात पहिल्यांदा शिंप्याच्या नजरेनं पाहिला, आणि सुई बोटात गेली. नेत्यांच्या कोटाची काजं उजवीकडे, बायकांच्या कपड्यांत असतात तशी! वरचा खिसाही उजवीकडे! पुरुषाचा कोट असा शिवणाऱ्याला आमच्या धंद्यात कोणी उशीचा अभ्रासुद्धा शिवायला देत नाही. म्हणजे छापताना कुणीतरी फिल्म उलटी ठेवली होती. डावं ते उजवं झालं होतं, आणि पन्नास वर्षांत एकाही माईच्या लालानं बटणं पाहिली नव्हती.

फोटो घेऊन आम्ही बापलेक मोठ्या साहेबांकडे गेलो.

"उलटा असता तर विमानावरची अक्षरं उलटी दिसली नसती का?" साहेबांनी विचारलं.

"तिथं तर नुसता पांढरा पट्टा आहे."

"तो आम्ही मारला. अक्षरं उलटी येत होती, वाचणाऱ्याला त्रास व्हायचा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"अक्षरं उलटी होती, एवढंच माहीत होतं. फोटो सुलटाच आहे."

मी फोटोतल्या मागच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्यावर आकडे नाहीत, नुसत्या रेघा आहेत. फोटोत एक वाजून चाळीस मिनिटं झालेली दिसतात.

"विमान सकाळी दहा वीसला आलं," बाबा म्हणाले. "एक चाळीसला मी पाळी संपवून, घरी जेवून घोरत होतो, साहेब."

"राष्ट्राच्या ऐतिहासिक क्षणी आपण घोरत होता, हे लिहून देता का?"

साहेबांनी समिती नेमली.

समिती सात महिने बसली. निष्कर्ष असा: फोटोवरून घडवलेल्या चौकातल्या पुतळ्याचा डावा हात वर आहे. शाळेतली मुलं डाव्या हाताने सलाम करतात. दरवर्षी त्या तारखेला दुपारी एक चाळीसला भोंगा होतो आणि सारा देश रणरणत्या उन्हात उभा राहतो. एवढा मोठा देश चुकू शकत नाही. फोटो तर चुकूच शकत नाही. सबब चूक गालाची आहे. कोटाबद्दल समितीने म्हटलं की नेत्यांनी तो स्त्रियांच्या सन्मानार्थ मुद्दाम तसा घातला होता, म्हणून यापुढे सर्व अधिकाऱ्यांचे कोटही तसेच असावेत. तीनशे कोटांचं काम मलाच आलं. मी शिवले. दातओठ खात शिवले, पण शिवले.

शेवटी साहेबांना दया आली. त्यांनी बाबांना आरशासमोर उभं केलं. आरशातल्या म्हाताऱ्याची चामखीळ बरोब्बर डाव्या गालावर! खिडकीवरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात पत्र आलं: 'छायाचित्रातील इसम हा अर्जदाराच्या वडिलांचे प्रतिबिंब असल्याचे मान्य करण्यात येत आहे.'

आईनं साखर वाटली. दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र आलं. 'प्रतिबिंब त्या दिवशी कामावर हजर होते, हे सिद्ध झाले आहे. सबब मूळ इसम गैरहजर होता. विनापरवानगी गैरहजेरीचा खुलासा सात दिवसांत करावा.'

विमानतळावरच्या एकतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या बापाचा एक खाडा नाही. पत्र वाचून त्यांनी चहा घेतला नाही. साखर भरपूर होती, तरी नाही.

परवा ती तारीख होती. सकाळी दहा वीसला बाबा चौकात गेले आणि पुतळ्याखाली एकटेच उजवा हात वर करून उभे राहिले. लोक हसले. एका सज्जन गृहस्थाने त्यांचा उजवा हात हळूच खाली केला, डावा वर केला आणि ते म्हणाले, "आजोबा, हा. आणि अजून तीन तास अवकाश आहे."

"तू होतास का रे तिथं?" बाबांनी विचारलं.

"नाही. पण फोटो बघितलाय ना!"

एक चाळीसला भोंगा झाला. हजारो डावे हात वर गेले. पुढच्या रांगेत मी शिवलेले तीनशे कोट होते, काजं उजवीकडे. बाबा तेवढे घरी निघून गेले होते, जेवायला.

खात्याला मी आता काही विचारणार नाही. खात्याने फोटो एकदाच उलटा छापला. तुम्ही, हे वाचून हसणारे, तुम्ही तो पन्नास वर्षं रोज पाहिलात, आणि सकाळी आरशासमोर स्वतःच्या शर्टाची बटणंही रोज लावलीत. परवा तुमचा कोणता हात वर होता? माझा बाप तिथं नव्हता, तर शिडी कोणी धरली होती?

खुलासा सात दिवसांत करावा. लेखी करावा. कोणत्या हाताने लिहिता, ते मला बघायचंय.