निंबाजीरावांच्या गुडघ्यांची हकीकत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. शके १९४१, विकारी नाम संवत्सर. राज्याचे नाव काढावयाचे नाही ऐसा शब्द दिल्हा आहे, तो पाळतो. परंतु घडले ते एकदा दडविले आणि घात जाहला, म्हणोन बाकी सर्व लिहितो.

त्या राज्यी निंबाजीराव गादीवर होते. त्यांचे तीर्थरूप थोरले राव आतड्याच्या कर्करोगाने गेले, आणि बाहेर मात्र ज्वराने कैलासवासी जाहले ऐसे सांगितले, कारण पोटाखालच्या दुखण्याचे नाव चारचौघांत घेणे त्या घरी कमीपणाचे वाटे. मग निंबाजीरावांच्याही पोटात कळ उठो लागली, आणि वैद्य अनंतभटांनी आतड्यात दुर्बीण घालोन पाहिले, तो आत गाठींचे कोंबच कोंब. अनंतभट बोलिले, "सरकार, पोटात एक विकर आहे, हल्लीचे लोक त्यास एन्झाइम म्हणतात. तो ह्या कोंबांस खतपाणी घालतो. ही गोळी त्याचा हात धरिते. मूळची ती सांधेदुखीची, परंतु कोंबही खुंटविते. ती कोणाकोणाच्या हृदयास बाधते, म्हणोन आपले हृदय तपासूनच देतो. गोळी घेतली म्हणोन दुर्बीण चुकवू नये, आणि हे रक्तातून येते, सबब भावंडांस आधी सांगावे." राव म्हणाले, "सांगतो." आणि गोळी चालू जाहली आणि कोंब आटोपले, आणि सांगणे तेवढे राहिले.

पुढे भाऊबीज आली आणि धाकटी बहीण आवडाक्का सासरहून ओवाळावयास आली. त्या दिवशी युवराजांच्या सोयरिकीची बोलणी चालू होती आणि होणारे व्याही पंगतीस बसले होते. जेवण होऊन रावांनी गोळी तोंडात टाकिली, ती आवडाक्कांनी पाहिली आणि पुसले, "दादासाहेब, ही कशाची?" राव व्याह्यांकडे पाहोन म्हणाले, "गुडघ्यांची." आक्का हसोन म्हणाली, "म्हातारे झालात. आमचे गुडघे ठीक आहेत बाई, पोट तेवढे बिघडते अधूनमधून." रावांस वाटले, आता सांगावे, मग व्याह्यांच्या पगडीकडे नजर गेली आणि राव बोलिले, "ओवा खात जा." आणि आक्का माहेरचा ओवा पुडीत बांधोन घेऊन गेली, आणि सोयरीक जमली आणि नगारे वाजले. आक्कास पत्र धाडावे ऐसे रावांच्या मनात बहुत वेळा आले आणि दर खेपेस काही ना काही आड आले, ते खरे पाहता लाजेशिवाय दुसरे काही नव्हते.

पुढील भाऊबीजेस आक्का आली नाही, अंथरुणास खिळली होती. राव खासे गेले. अनंतभटांनी आधीच पाहोन मान हलविली होती, कोंबांचा कर्करोग होऊन तो यकृतापर्यंत पोचला होता. उशाशी ओव्याची डबी होती. आक्का म्हणाली, "या दादासाहेब. गुडघे कसे आहेत?" तिने मायेनेच पुसले, तिला काही ठाऊक नव्हते. राव खाली बसले आणि त्यांनी सर्व सांगितले, थोरल्या रावांचे, गोळीचे, व्याह्यांचे, आणि सांगता सांगता त्यांस आपलीच किळस आली. आक्का मग म्हणाली, "मी ओवा रोज खाल्ला हो. तुम्ही सांगितला म्हणोन." राव भाऊबीजेच्या ताटात सोन्याचे कंगण ठेवू लागले, ते तिने मागे सारिले. "ओवाळणी घालावयाची तर माझ्या लेकीला, तुळसेला, अनंतभटांकडे न्या. आणि दुखण्याचे नाव व्याह्यांसमोर घ्या, मोठ्याने."

मग रावांनी भरल्या दरबारी, व्याही समोर असता, आतड्याच्या कर्करोगाचे नाव घेतले आणि थोरल्या रावांचा ज्वर खोटा म्हणोन सांगितले. बोलताना मान वर होईना. व्याही उठोन जातील ऐसे वाटले होते. ते उठले नाहीत, इतकेच म्हणाले, "आमचेही वडील ह्यानेच गेले. आम्ही अंगी वारे भरले ऐसे सांगतो." ते ऐकोन रावांस अधिकच लाज वाटली, कारण ज्यांच्या भयाने बहीण घालविली ते हे लोक होते.

तुळसेच्या आतड्यात कोंब निघाले, लहान होते, ते काढिले आणि तिला गोळी व सालोसाल दुर्बीण लागू जाहली. आक्का माघात गेली. निंबाजीराव पुढे बहुत वर्षे जगले, गड पायी चढत, आणि आपले पाय कसे मजबूत ऐसे कोणी कौतुके म्हणाला की तेथून उठोन जात. येणेप्रमाणे मजकूर.